खर्रा न खाणाऱ्या माणसाचा रिपोर्ट

मामांना टॉन्सिलचा कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हा अकोल्यातल्या त्यांच्या अख्ख्या वस्तीने एकच निदान केलं: मास्तर चोरून खर्रा खात होते.

हे आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा गालात धरायची जी आमच्या वऱ्हाडची चाल आहे, तिच्याशी या माणसाने जन्मभर उभा दावा मांडला. रविवारी विहारात वंदना झाली की ते लोकांना उठू द्यायचे नाहीत. एकेकाला तोंड उघडायला लावायचे. लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या खिशातली पुडी काढून मोरीत फेकायला त्यांनी कमी केलं नाही. पानठेल्यावर उभी असलेली माणसं त्यांची सायकल दिसली की पांगायची. अशा माणसावर दात धरून असणारे काही कमी नसतात. त्यांच्याच घशात गाठ निघाली म्हटल्यावर त्या सगळ्यांना आयतं कोलीत मिळालं.

डॉक्टरांनीही तेच केलं. तुकडा काढून तपासल्यावर कॅन्सर आहे हे सांगताना कान-नाक-घशाच्या त्या डॉक्टरांनी मामांना विचारलं, "किती वर्षांपासून खाता?" खाता का, असं नाही. मामा तिथून उठले ते थेट बाहेर आले आणि त्यांनी मला अमरावतीला फोन लावला.

"बाई, तुह्यं कामच तुकडे तपासाचं हाये ना? मंग मले काढून दे का मी खात नोतो. थे हातात आल्याबिगर मी शेक घेत नाई."

शेक म्हणजे रेडिएशन. मामांचा सगळा इलाज त्यावरच होता, सोबत सलाइनमधून औषध. आणि मामांचं 'नाई' म्हणजे काय असतं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी अमरावतीत छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. रक्त-लघवी दुसरे बघतात. माझ्याकडे शरीरातून कापून काढलेले तुकडे येतात. ते मी मेणात बसवते, त्यांचे पापुद्र्यासारखे पातळ काप करते, काचेवर रंगवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगते की हे काय आहे. वऱ्हाडात बसून हे काम करायचं म्हणजे गाल, जीभ, हिरडी, पुन्हा गाल. त्यामुळे तंबाखूचा कॅन्सर कसा दिसतो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मामांची काच मागवून पाहिली, तर ती तशी दिसत नव्हती. पेशी वेगळ्या होत्या, गर्द, एकमेकींना चिकटून बसलेल्या. असं दिसलं की मनात एकच नाव येतं, एचपीव्ही. बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, तोच हा. टॉन्सिलमध्ये आणि जिभेच्या बुडाशीही तो वर्षानुवर्षं दबा धरून बसतो, आणि तिथेही कॅन्सर करतो. अशा गाठी शेकाला चांगली दाद देतात. म्हणून मला आशाही वाटली.

मी फोनवर मामांना सांगितलं की हा विषाणू आहे का ते तपासता येतं. हेही सांगितलं की नाही सापडला तरी तुम्ही खर्रा खाल्लात असं ठरत नाही, आणि सापडला तरी इलाज तोच राहणार आहे. तेव्हा शेक सुरू करा, रिपोर्ट मागून येईल.

"व्हायरस म्हंजे कोरोनासारखा ना?" मामांनी विचारलं.

"तसा नाही, मामा. तो वेगळ्या वाटेने येतो. लोक विचारतील."

"इचारू दे ना! व्हायरस तं व्हायरस. थो का आपल्या हातात हाये? त्यात लाज कायची?"

फोन स्पीकरवर होता. मागून मामींचा आवाज येत होता, जावयाचा येत होता, बहुतेक एखादा शेजारीही होता. मी म्हटलं, समोर बसून सांगीन. तो विषय तिथेच राहिला.

मग सुरू झाला तो माझा छळवाद.

आमच्याकडे पेशंटचे ब्लॉक नातेवाइकांच्या हाती द्यायची पद्धत आहे. ब्लॉक म्हणजे ज्या मेणात तो तुकडा बसवलेला असतो ती छोटी वडी. तीच पेशंटची खरी ठेव, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या तिच्यातूनच काप काढून होतात. ती आणायला मामांचा जावई निघाला. मे महिना, अकोल्याचं ऊन. जावयाने वडी गाडीत समोरच्या काचेशी ठेवली, डोळ्यांसमोर राहील आणि विसरणार नाही म्हणून! आणि वाटेत जठारपेठेत, त्याच्या पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला घरातल्या बायकांना घेऊन शिरला. साड्या पसंत होईपर्यंत गाडी उन्हात उभी. अमरावतीला माझ्या टेबलावर त्याने जी पन्नी ठेवली तिच्यात मेणाचं तळं होतं आणि तळाला तुरीच्या डाळीएवढा एक तुकडा पडलेला होता.

"मेनच हाये ना ताई, पुन्हा जमवता येते," जावई म्हणाला.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि त्यामुळेच मला त्याला दोन शब्द सुनावता आले नाहीत. मेण पुन्हा जमवता येतं. पण दरवेळी नव्याने बसवलं की वडीचं तोंड सपाट करावं लागतं, आणि त्यात थोडा तुकडा जातोच. इथे जाण्यासारखं होतंच काय? मी दात-ओठ खात तो तुकडा पुन्हा मेणात बसवला आणि हाताला लागतील तेवढे काप काढले.

पहिली तपासणी पी-सोळाची. तिची गोष्ट सांगायला अवघड नाही. हा विषाणू पेशीत शिरला की तिचा लगाम तोडतो, आणि तो सावरायच्या धडपडीत पेशी पी-सोळा नावाचं एक प्रथिन भरमसाट करते. ते प्रथिन आम्ही तपकिरी रंगाने दाखवतो. सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त पेशी गर्द तपकिरी झाल्या तर पॉझिटिव्ह. पण त्याआधी काच औषधी पाण्यात घालून चांगली उकळावी लागते, कारण तुकडा टिकावा म्हणून ज्या फॉर्मालिनमध्ये ठेवतात त्याने प्रथिनं कुलूपबंद केलेली असतात. मोठ्या लॅबमध्ये याला यंत्र असतं. माझ्याकडे वरणभाताचा प्रेशर कुकर आहे, आणि तो माझं काम वर्षानुवर्षं नीट करत आलाय. त्या दिवशी मात्र एका काचेवरचा काप उकळत्या पाण्यात सुटून तरंगायला लागला. माझी टेक्निशियन म्हणाली, "मॅडम, गेला." मी म्हटलं, दिसतंय मला.

दुसऱ्या काचेवर रंग आला, पण कसा, तर अर्धा. एका बाजूच्या पेशी तपकिरी, दुसऱ्या बाजूच्या धुतलेल्या पोतेऱ्यासारख्या फिक्या. मी पुन्हा पुन्हा बघितलं. चहा घेऊन येऊन बघितलं. चष्मा पुसून बघितलं. ना इकडचं ना तिकडचं. वितळलेल्या मेणाने रंग खराब केला, की सुरुवातीलाच तुकडा फॉर्मालिनमध्ये नीट मुरवला गेला नव्हता, की खरोखरच विषाणू नव्हता, काही सांगता येईना. नागपूरच्या एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीला फोटो पाठवला. ती म्हणाली, "पॉझिटिव्ह म्हण आणि मोकळी हो. इलाज तर तोच आहे ना?"

तेवढं माझ्याने होईना. परक्या पेशंटला मी 'सांगता येत नाही' असं लिहून दिलं असतं आणि हात झटकले असते. इथे माझ्या 'सांगता येत नाही'वर मामा घरात बसून राहणार होते आणि गाठ वाढत राहणार होती.

मग पीसीआर. कोरोनाच्या काळात आमच्याकडेही पीसीआरची यंत्रं आली. ओळखीतल्या एकाच्या लॅबमध्ये एचपीव्हीचा किटही होता, पण तो बायकांच्या तपासणीतल्या ओल्या नमुन्यासाठी. मेणातला तुकडा त्यात चालतो याची हमी कोणी देत नाही. तो कुरकुरला, मी गयावया केली, शेवटी त्याने घेतलं. रिपोर्ट आला 'इन्व्हॅलिड'. या तपासणीत विषाणूसोबत माणसाचा स्वतःचा एक जनुकही शोधतात, नमुना धड आहे की नाही हे कळावं म्हणून. इथे तोच सापडला नव्हता. विषाणू नाही असं नव्हे, तर काहीच वाचता येत नाही असा त्याचा अर्थ.

का, ते शोधायला मी अकोल्याच्या दवाखान्यात फोन केला. तुकडा कशात ठेवला होता, असं तिथल्या सिस्टरबाईंना विचारलं.

"फॉर्मालिनमध्येच ना मॅडम. कॅनमधलं. नेहमीचं."

"ते तयार कोण करतं?"

"इथंच करतो. बोअरचं पानी टाकून."

खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी टाकून वाढवलेलं आणि महिनोन्महिने कॅनमध्ये पडलेलं फॉर्मालिन. ते आंबतं, आणि त्यात डीएनएच्या चिंध्या होतात. कॅन्सर आहे एवढं सांगायला असला तुकडा पुरतो. त्यापुढे काही विचारलं की तो मुका. मला त्या बाईंवर ओरडायचं होतं, पण त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं, तर ओरडणार काय? मी थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि आमच्या टेक्निशियनवर उगाच ओरडले.

मामांना कळवलं.

"म्हंजे निगेटिव्ह?" 

"नाही मामा. इन्व्हॅलिड. नमुनाच खराब होता."

"म्हंजे मी फेल."

"तुम्ही नाही हो, नमुना फेल! तुम्ही शेक घ्या ना आता, हात जोडते!"

"वस्तीत काय सांगू? दोन मशिनीत घातलं, तरी मास्तरचं खरं निघून नाई राह्यलं म्हून?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने मामींचा आला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, आता जवारीच्या कन्यायची पेज बी उतरून नाई राह्यली त्याइले. गिळताना डोळ्यातून पानी येते. काईतरी कर."

एकच वाट उरली होती, पुन्हा तुकडा काढायची. मी अकोल्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, याने ट्रीटमेंट बदलणार आहे का?" त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. त्या दिवसांत ज्याच्याशी बोलावं त्याचं बरोबरच असायचं, आणि काम मात्र कोणाचंच होत नव्हतं. मी म्हटलं, "ट्रीटमेंट बदलणार नाही. पण पेशंट ट्रीटमेंटला बसेल." मग ते 'या' म्हणाले.

यावेळी मी स्वतः गेले. माझं फॉर्मालिन, माझ्या बाटल्या. मामांनी निमूटपणे तोंड उघडलं. जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणारा माणूस दिव्याखाली आ करून बसला होता, आणि मला तिकडे बघवेना. तुकडा निघाला तशी सिस्टरने सवयीने कॅनची तोटी फिरवली. मी जवळजवळ झडप घालून तो तुकडा तिच्या हातून घेतला. अर्धा फॉर्मालिनच्या बाटलीत, अर्धा पीसीआरच्या द्रावणात. मूर्तिजापूरमार्गे अमरावतीपर्यंत दोन्ही बाटल्या मांडीवर घेऊन बसले. ड्रायव्हरने एसी बंद करू का विचारलं तर त्याच्यावरही खेकसले.

आणि यावेळी सगळं सरळ झालं. कुकर तोच, टेक्निशियन तीच, आणि काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गर्द तपकिरी रंग. पीसीआरमध्ये माणसाचा जनुक सापडला आणि विषाणूही सापडला, एचपीव्हीचा सोळा नंबरचा प्रकार, घशात सगळ्यात जास्त भेटतो तोच. नुसत्या पीसीआरवर मी विश्वास ठेवला नसता. त्याने विषाणू घरात आलाय एवढंच कळतं. तो ओसरीवर बसून आहे की आत शिरून घर चालवतोय हे पी-सोळा सांगतं. दोन्हींचं एकमत झालं म्हणजे वाद संपला. मी खुर्चीत मागे टेकले आणि मला रडू आलं, आनंदाने आणि निव्वळ वैतागानेसुद्धा.

मामांना फोनवर एवढंच सांगितलं की रिपोर्ट आलाय, रविवारी घेऊन येते.

मी पोचले तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या. मामांनी वंदना संपल्यावर सगळ्यांना घरीच बोलावलं होतं. विहारातली दहाबारा माणसं, दोन शेजारी, जावई. ज्यांच्या पुड्या मामांनी हिसकावल्या होत्या त्यातलेही होते. मामांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. इतके वाळले होते की कॉलर गळ्याभोवती फिरत होती. पण चेहऱ्यावर शाळेच्या बक्षीस समारंभाचं तेज.

"ये बाई. जयभीम. वाच सगळ्याइसमोर."

"आधी आत चला," मी म्हटलं. "मामी, तुम्हीपण."

आतल्या खोलीत पलंगावर दोघं बसले. मी रिपोर्ट काढला. सांगितलं की विषाणूच आहे, तंबाखूचा हा कॅन्सर नाही, आणि शेकाने बरा होण्याची आशा चांगली आहे. मामांनी डोळे मिटले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "सांगत नोतो मी? आता पाह्य एकेकाची तोंडं!"

ते उठायला लागले तशी मी म्हटलं, "बसा. लोक विचारतील की हा आला कुठून. ते आधी ऐका."

आणि सांगितलं. हा हवेतून येत नाही. नवरा-बायकोच्या संबंधांतून येतो. लग्न झालेल्या जवळजवळ सगळ्यांना कधी ना कधी होतो, कळतही नाही, आणि बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघूनही जातो. एखाद्याच्याच राहतो आणि वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. यात कोणी वाईट वागलं असं नाही. हे सगळं मी पेशंटना सांगते तसंच सांगितलं, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून. पण ही माझी मामी होती. लहानपणी तिने माझ्या वेण्या घातल्या होत्या.

मामींनी पदर बोटाला गुंडाळला. खाली बघत विचारलं, "म्हंजे माह्याकडून गेला का त्याइले?"

"नाही मामी. तसं सांगताच येत नाही."

"मंग कोनाकडून?"

काय सांगणार होते मी? पी-सोळा, पीसीआर, कुकर, किट, दोनदा घसा कापला, दीड महिना गेला. यातली एकही तपासणी कोण, कोणाकडून, कधी, हे सांगत नाही. जगातली कोणतीच सांगत नाही. मी तसं म्हणालेही. मामींची तपासणी करून घेऊ, माझ्याकडे या, असंही म्हणाले. त्यांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्या मामांकडे बघत होत्या.

मामा म्हणाले, "तुह्याकडून नाई वं. कायचं काय बोलतं."

बाहेरून कोणीतरी हाक मारली, "मास्तर, आना ना रिपोर्ट!" आणि दुसरा हसला.

मामा उठले. दाराच्या चौकटीला धरून क्षणभर थांबले आणि अंगणात गेले. मी रिपोर्ट घेऊन मागोमाग. आतमध्ये मामींनी चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

"रिपोर्ट आला," मामा म्हणाले. आवाज घोगरा झाला होता, पण शाळेत बोलायचे तसा मोठा होता. "खर्राच निघाला. खात होतो चोरून. बाईच्या मशिनीनं पकडलं मले. आता तरी सोडा रे लेकहो."

मग एकजण म्हणाला, "मी म्हनतच होतो." जावई माझ्याकडे बघायला लागला. माझ्या हातात सगळी तपासणी होती, दोन्ही पद्धतींची, माझ्या सहीची. मी तोंड उघडलं.

"तू काई बोलू नको," मामा मला हळूच म्हणाले. "तारीख घे. कधी यायचं शेकाले?"

इतके दिवस ज्यासाठी मी जिवाचं रान केलं, ते त्यांनी असं सहज म्हणून टाकलं. मी तिथेच उभ्या उभ्या अमरावतीच्या रेडिएशनच्या डॉक्टरला फोन लावला, माझ्याच ओळखीचा मुलगा. वय सांगितलं, टॉन्सिल सांगितलं. तो लिहून घेत होता. "बुधवारी आणा मॅडम," तो म्हणाला, "तंबाखू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मामी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या.

"हो," मी म्हटलं. "खर्रा."